मढ्याच्या अंगावरचा शर्ट

"ते बघ, तिसरं मढं उठलं," सहदेव म्हणाला. "आता ते नवरदेवाच्या ताटातली जिलबी उचलणार."

"तुला काय माहीत?" मीराने विचारलं.

"माझी ओळख आहे सिनेमावाल्यांत."

"कसली ओळख? मघाशी त्या माणसाने तुला दोनदा हाकललं."

"मग? ओळख असल्याशिवाय कोणी दोनदा हाकलतं का?"

सहदेव तेरा वर्षांचा, मीरा त्याची धाकटी बहीण, दहाची. त्यांच्या शेजारी दोरीला हात लावून उभी होती ती वसुधा, बारा वर्षांची. तिघंही बोरिवलीला खाडीजवळच्या एकाच चाळीत राहायची. मे महिन्याची सुट्टी होती आणि गोराईच्या किनाऱ्यावर सिनेमाचं शूटिंग आलं होतं. समुद्रात पाय घालायचा नाही आणि चारच्या होडीने परत यायचं, या दोन अटींवर तिघांना सोडलं होतं.

सिनेमाचं नाव होतं 'मढी आली जेवायला'. उपाशीपोटी मेलेली माणसं एका लग्नाची सनई ऐकून मातीतून उठतात आणि सरळ पंगतीत येऊन बसतात, अशी गोष्ट. इंग्रजीत अशा मढ्यांना झॉम्बी म्हणतात, हे सहदेवने होडीत चारदा सांगितलं होतं. इथली मढी मात्र अगदीच गरीब होती. तोंडाला पीठ आणि राख, ओठांवर बिटाचा रस. एकूण मढी अकरा. ती कॅमेऱ्यासमोरून लंगडत जायची, मागून धावत यायची आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून पुन्हा लंगडत जायची, म्हणजे तीस वाटावीत. सीन रात्रीचा होता, पण मोठे दिवे परवडत नव्हते. म्हणून कॅमेऱ्यापुढे निळी काच धरून भर दुपारी रात्र केली होती.

बघणारे सगळे पोट धरून हसत होते. वसूही हसत होती.

मग चौथं मढं वाळूतून उठलं आणि वसूचं हसू थांबलं.

मढ्याच्या अंगावर निळा शर्ट होता. त्याच्या छातीवर सात ठिकाणी रफू केलेलं होतं. एक हिरव्या दोऱ्याचं, दोन पांढरी, एक काळं, तीन पिवळी. वसूला ती मोजावी लागली नाहीत. तिचे बाबा, राजाराम, अंधेरीला एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. तापलेला चुरा उडायचा आणि शर्टाला बारीक भोकं पडायची. आई साड्यांना फॉल लावायची, त्यातला उरलेला दोरा ज्या रंगाचा असेल त्याने ती भोकं रफू करायची. "काय राजाराम, अजून एक मेडल?" असं कारखान्यात म्हणायचे, आणि बाबा घरी येऊन ते हसत हसत सांगायचे.

मागच्या श्रावणात बाबा काविळीने गेले.

"वसू, काय झालं गं?" मीराने विचारलं. "घाबरलीस? अगं, खोटी आहेत ती."

"तो शर्ट बाबांचा आहे," वसू म्हणाली.

सहदेवने तिच्याकडे पाहिलं. 

"इथे कसा आला?"

"बोहारणीला दिला. चुकून. जुन्या कपड्यांत होता."

बोहारीण म्हणजे चंपा. जुने कपडे घ्यायची आणि बदल्यात स्टीलचं भांडं द्यायची. तिची एक सवय होती. कितीही कपडे टाका, भांड्यावरचा हात ती काही उचलायची नाही. "अजून एक टाक गं बाय, एवढ्यात नाय परवडत," हे ठरलेलं. पंधरा दिवसांपूर्वी आई साड्या द्यायला दुकानात गेली होती, तेव्हा चंपा आली. वसूने तोकडे झालेले दोन फ्रॉक दिले, एक फाटकी चादर दिली. पातेलं मिळालं. आई खूश झाली. म्हणाली, "घासाघीस करायला शिकलीस की."

पण त्यानंतरच्या रविवारी दुपारी, वसू झोपली आहे असं समजून आईने ट्रंक उघडली. तळापर्यंत हात घातला. सगळे कपडे बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले. मग शांतपणे विचारलं, "वसू, ट्रंक कुणी उघडली होती का गं?"

"नाही," वसू डोळे न उघडता म्हणाली.

आईने ते नवं पातेलं माळ्यावर उपडं ठेवून दिलं आणि त्या रात्री दोन घास खाऊन ताट सरकवलं. तेव्हापासून रोज तसंच. आईच्या हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत वर जात होत्या. वसूला ते दिसत होतं.

"चल, मागून घेऊ," सहदेव म्हणाला. "आपलाच शर्ट आहे. त्यात काय घाबरायचं?"

कपड्यांचं काम दशरथमामांकडे होतं. ते एका ट्रंकेवर बसून ब्लेडने विजारी फाडत होते.

"शर्ट? कुठला शर्ट? चोवीस गोणी कपडे आणले मी बोहारणींकडून."

"चोवीस?" मीराने विचारलं.

"बरं, दोन. पण हे बघ पोरी, मढ्याने एकदा जो शर्ट घातला तो शेवटपर्यंत घालायचा. मध्येच बदलला तर लोक थिएटरात शिट्ट्या मारतात."

"मग शूटिंग संपल्यावर द्या," वसू म्हणाली.

"संपल्यावर काय देऊ, राख? परवा शेवटचा सीन. मांडवाला आग लागते आणि पंगतीत बसलेली सगळी मढी खलास. पेंढ्याची बुजगावणी करायची, त्यांना हेच कपडे घालायचे आणि द्यायचं पेटवून." दशरथमामांनी विजारीचा पाय टर्रकन फाडला. "जा आता. चंद्रप्रकाशसाहेबांनी बघितलं तर मलाच बोलतील."

चंद्रप्रकाश म्हणजे दिग्दर्शक. ते भोंगा तोंडाला लावून त्याच वेळी ओरडत होते, "पोरांना हाकला रे कुणीतरी." सहदेवची ओळख तिसऱ्यांदा झाली.

जेवणाच्या सुट्टीत मढी सुरूच्या सावलीत उसळ-पाव खायला बसली. निळ्या शर्टाचं मढं एकटंच कडेला बसलं होतं. वसू जवळ गेली. पिठाखाली एका म्हाताऱ्या माणसाचा चेहरा होता. डोळे दमलेले. त्याने मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं, शर्टावर रस्सा सांडू नये म्हणून.

"काय गो बाय, मढं कधी जेवताना बघितलं नाहीस?"

"आजोबा, तुमच्या अंगावरचा शर्ट माझ्या बाबांचा आहे."

त्याने पाव खाली ठेवला. "बाबा कुठे असतात?"

वसूने शर्टावरची नजर हलवली नाही. त्याला कळलं.

त्याचं नाव धोंडिराम. अठ्ठावीस वर्षं गिरणीत कापड काढलेलं. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, मग मिळेल ते काम.

"पहिल्या दिवशीच बघितलं मी हे रफू," तो छातीवरून बोट फिरवत म्हणाला. "दशरथ ब्लेड घेऊन आला. म्हटलं, याला हात लावायचा नाही, हवं तर माझी विजार फाड. कापडातलं कळतं मला. इतकी मेहनत कुणी उगाच नाही करत." त्याने वरच्या बटणाला हात लावला. "आत्ता काढून दिला असता, पोरी. पण संध्याकाळी दशरथ नग मोजून घेतो. शर्ट कमी दिसला तर माझं उद्याचं काम गेलं."

"नग कमी दिसला नाही तर?" मीरा म्हणाली. "म्हणजे दुसरा निळा शर्ट आणला तर?"

"दशरथला रंग तेवढा कळतो," धोंडिरामआजोबा म्हणाले, आणि पिठाला पहिल्यांदा हसण्याच्या सुरकुत्या पडल्या. "पण रफू हवं. मी नको म्हटल्यापासून ते त्याच्या लक्षात आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत आणा. मीच बदलून देईन."

दुसरा दिवस कामात गेला. सहदेवच्या वडिलांचा कामावरचा जुना निळा शर्ट होता. तो मागताना सहदेवने शाळेच्या नाटकाचं कारण सांगितलं.

"मे महिन्यात कुठली रे शाळा?" मीरा म्हणाली.

"बाबांनी विचारलं नाही, तू का विचारतेस?"

मीराला शिवणाच्या तासाला नेहमी शाबासकी मिळायची. गच्चीच्या जिन्यात बसून तिने सात रफू केली. वसू शेजारी बसून सांगत होती. "हिरवं खिशाच्या वर. नाही, अजून थोडं डावीकडे. काळं थोडं वाकडं आहे. त्या दिवशी दिवे गेले होते, आईने मेणबत्तीवर केलं होतं."

"तुला सगळं आठवतं?"

"हो," वसू म्हणाली. घरात वर्षभर कुणी बाबांचं नाव काढलं नव्हतं. आई वसूला त्रास होईल म्हणून बोलायची नाही, वसू आईला त्रास होईल म्हणून. त्या जिन्यात वसू एकदम इतकं बोलली की तिचाच आवाज तिला परका वाटला.

गुरुवारी तिघं निघाली. दोरीच्या आत मढ्यांशिवाय कुणाला सोडत नव्हते, म्हणून तिघांनी तोंडाला पीठ फासलं होतं. वसूच्या घरचंच पीठ, आई दुकानात गेल्यावर डब्यातून काढलेलं. धक्क्यावर होडीवाल्याने त्यांना नीट न्याहाळलं.

"मढी काय रे? मग पुढच्या टोकाला बसा आणि पाणी उपसा. मेलेल्याला हात दुखत नाहीत."

पलीकडे पोचल्यावर मात्र बेत फिसकटल्याचं दिसलं. सीन अलीकडे आणला होता. वारा वाढेल म्हणून जेवणाआधीच आग लावायची ठरली होती. किनाऱ्यावर बांबू आणि झावळ्यांचा लग्नाचा मांडव उभा होता. आत पंगत बसली होती, अकरा बुजगावण्यांची. पोटात पेंढा, खांद्यावर डोक्याच्या जागी मडकी, समोर पत्रावळी. चौथ्या पानावर निळा शर्ट बसला होता. दोन माणसं झावळ्यांवर रॉकेल शिंपडत होती.

धोंडिरामआजोबा नुसत्या बनियनवर लांब एका दगडावर बसले होते. मुलांना पाहून त्यांनी मान हलवली. नाही जमलं, असं.

"वाट लागली," सहदेव पुटपुटला.

"मी जाते," वसू म्हणाली.

"वेडी आहेस? रॉकेल आहे तिथे."

"अजून पेटवलं नाही ना? तू त्यांना नादी लाव. मी बदलून लगेच बाहेर येते."

हे फार चुकीचं होतं. पण सहदेवला ते वसूला पटवून देता आलं नाही, आणि मोठ्या माणसांचं तिकडे लक्षच नव्हतं. सहदेव कॅमेऱ्यासमोर लंगडत गेला आणि जिलबीच्या रिकाम्या परातीत धाडकन पडला. परात फिरली, तो फिरला, उठला, पुन्हा पडला. रॉकेलवाले दोघे डबे ठेवून हसत पुढे आले. चंद्रप्रकाशसाहेब म्हणाले, "हे छोटं मढं कुणी आणलं? झकास आहे."

दुसरा शर्ट काखेत धरून वसू मागच्या बाजूने मांडवात शिरली.

आत झावळ्यांचा अंधार होता. निळा शर्ट पाटावर बसला होता, हात मांडीवर, थोडा पुढे वाकून. बाबा जेवताना असेच वाकून बसायचे. वसूने वरचं बटण काढलं. दुसरं. बाबा गेले त्या दिवशी तिला शेजारच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. लहान आहे, नको बघायला, असं कुणीतरी म्हणालं होतं. दार उघडलं तेव्हा सगळं झालं होतं. तिने तिसरं बटण काढलं. तिला वाटलं, घाई करू नये. तिने शर्टाच्या छातीवर डोकं टेकवलं. पेंढा करकरला. रॉकेलचा आणि मातीचा वास आला, बाकी कसलाच नाही.

बाहेर भोंग्यातून आवाज आला. "सगळे बाजूला. कॅमेरा तयार. तीन म्हटलं की पेटवा. एक."

आत कोण आहे, हे कुणी पाहिलं नाही. वसूने बाही ओढली. ती बांबूच्या खिळ्यात अडकली.

"दोन."

"थांबवा!" सहदेव ओरडला, पण परातीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात बनियनवरचा एक म्हातारा दगडावरून उठून सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात पसरले होते.

"तीन म्हणू नका, साहेब. आत पोर आहे."

धोंडिरामआजोबा मांडवात गेले, अडकलेली बाही सोडवून त्यांनी शर्ट बदलला आणि वसूचा हात धरून तिला बाहेर घेऊन आले. तिच्या एका हातात शर्ट होता. आत चौथ्या पानावर दुसरा निळा शर्ट बसला होता, वरची दोन बटणं लागलेला.

चंद्रप्रकाशसाहेबांच्या हातातला भोंगा खाली आला. ते चिडले नाहीत. वाळूतच बसले. "माझी मुलगी एवढीच आहे," एवढंच ते म्हणाले. मग दशरथमामांकडे वळले. "आत बघायचं कुणाचं काम होतं?"

दशरथमामांनी रॉकेलवाल्यांकडे पाहिलं. रॉकेलवाल्यांनी दशरथमामांकडे.

"माझं," साहेब स्वतःच म्हणाले. "माझंच होतं."

धोंडिरामआजोबांनी सगळं सांगितलं. दशरथमामांनी हातातला शर्ट पाहिला, मांडवातला पाहिला, पुन्हा हातातला पाहिला. "साहेब, आई शपथ, मला फरक कळत नाही. हे रफू कुणी केलं?"

मीराने पिठाळ हात वर केला.

"मोठी झालीस की माझ्याकडे ये कामाला," ते म्हणाले. साहेब उठले, त्यांनी वसूच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं धाडस मोठं आहे, पोरी. पण असं धाडस पुन्हा करू नकोस. आणि काही हवं असेल तर आम्हाला पुन्हा पुन्हा विचार. ओरडून सांगायचं. मोठी माणसं बहिरी असली तरी."

मग मांडव पुन्हा नीट तपासला, आणि पेटवला. मुलांनी ते पाहिलं नाही. ती होडीकडे निघाली होती.

बोरिवलीच्या धक्क्यावर आई उभी होती.

घरी आल्यावर तिला पिठाचा डबा उघडा दिसला होता, दारापर्यंत पांढरी पावलं दिसली होती. पाववाल्याने तीन मढी खाडीकडे गेल्याचं सांगितलं होतं. ती किती वेळ उभी होती, तिने सांगितलं नाही. होडी लागली तेव्हा तिने आधी तिघांना नजरेने मोजलं, मग त्यांचे हातपाय पाहिले, मग वसूच्या बाहीला रॉकेलचा वास आला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"सगळं सांगते," वसू म्हणाली. तिने शर्ट पुढे केला. "पण आधी हे. आई, मी खोटं बोलले. यांनाही खोटंच सांगितलं. शर्ट चुकून गेला नाही. चंपा अजून एक टाक म्हणाली, तेव्हा मीच ट्रंकेतून काढला. मला माहीत होतं तो कुठला आहे ते. तू दर रविवारी तो घेऊन रडायचीस. मला वाटलं, शर्ट गेला की तू रडणार नाहीस."

सहदेव आणि मीरा खाडीकडे बघत राहिली.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "दोन फ्रॉक आणि एका चादरीत चंपा एवढं पातेलं देत नाही. तू सांगशील म्हणून थांबले होते."

"त्याचा वास गेला, आई."

आईने शर्ट नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. "गेला," ती म्हणाली. मग तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि वसूच्या तोंडावरचं पीठ पुसायला लागली. पुसता पुसता तिचा हात थांबला, कारण पीठ आधीच ओलं झालं होतं. वर्षभरात वसू आज पहिल्यांदा रडत होती.

"रड," आई म्हणाली. "मी एकटीच रडत होते. मला वाटायचं, तुला काही कळतच नाही."

घरी गेल्यावर आईने माळ्यावरचं पातेलं उतरवलं आणि त्यातच शर्ट भिजत घातला. खिळ्यात अडकून बाही फाटली होती. वाळल्यावर तिने सुई वसूच्या हातात दिली. आठवं रफू वसूने केलं, लाल दोऱ्याने. त्याला अर्धी दुपार लागली. आईने ते उजेडात धरून पाहिलं. "सरळ आलाय टाका," ती म्हणाली. आई उगाच कौतुक करणाऱ्यातली नव्हती.

सिनेमा पुढच्या वर्षी बोरिवलीला लागला. एकच आठवडा चालला. धोंडिरामआजोबांनी चार पास आणून दिले. बाबा गेल्यापासून आई थिएटरात गेली नव्हती. नको नको म्हणत ती वसूच्या शेजारी बसली.

पडद्यावर निळी रात्र झाली. मढी उठली. चौथं मढं उठलं, आणि आईने वसूचं मनगट धरलं. बाबांचा शर्ट लंगडत पंगतीपर्यंत आला, पाटावर बसला, त्याने जिलबी तोंडात कोंबली, आणि पाक सरळ खिशावर, हिरव्या रफूवर ओघळला. थिएटर हसलं.

आईही हसली. डोळे भरलेले होते, तरी हसली.

"अगदी असेच सांडायचे हे," ती म्हणाली. "जिलबी दिसली की छातीवर पाक ठरलेला."

"मग तू ओरडायचीस?" वसूने हळूच विचारलं.

"ओरडायचे तर. मग ते स्वतःच धुवायला बसायचे, आणि साबण सगळा संपवायचे."

शेवटी मांडव पेटला. निळा शर्ट जळताना मीरा खुर्चीवर उभी राहिली आणि म्हणाली, "ती माझी रफू आहेत." मागच्या रांगेने तिला खाली बसवलं.

परतीच्या वाटेवर आई बोलत होती. बाबा सायकल शिकताना पडले ते, वसूचं नाव ठेवताना भांडले ते, मेणबत्ती धरून उभे राहिले आणि शर्टावर मेण सांडलं ते. वसू ऐकत चालली होती. चाळ आली तरी आईचं सांगणं संपलं नव्हतं. म्हणून दोघी घरात न जाता जिन्याच्या पायरीवर बसल्या.